द्वंद्वयुद्ध कीं संकुलयुद्ध? : ‘रेंजर’ जहाजाच्या लढाईवरील लेखनाचें परीक्षण

मराठ्यांच्या आरमाराविषयीं लिहिणारांची संख्या अलीकडे वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. सन २०२५ च्या जुलै महिन्यांत मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आरमाराशीं निगडित असे चार दुर्ग आहेत. साहजिकच या विषयावरील लेखांस व व्याख्यानांस बहर आला आहे. मात्र त्यांत एक शब्दप्रयोग आमच्या दृष्टीस वारंवार पडतो. सन १६७९ ची खांदेरीची लढाई आणि सन १७८३ ची रत्नागिरीनजीकची लढाई यांचें वर्णन ‘फ्रिगेटांचें द्वंद्वयुद्ध’ अशा शब्दांनीं करण्यांत येतें. शब्द भारदस्त आहे, श्रोत्यांस तो आवडतो, आणि शिडांच्या जहाजांच्या काळांतील युरोपीय आरमारांच्या पंक्तीस आपलें आरमार एकदम जाऊन बसल्यासारखें वाटतें. परंतु हा शब्द वस्तुस्थितीस लागू पडतो काय, आणि तो लावल्यानें आपला लाभ होतो कीं हानि, हे प्रश्न विचारल्यावांचून त्याचा स्वीकार करणें योग्य नव्हे. तेवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. फ्रिगेट हा शब्द दोन शतकांत दोन निरनिराळ्या अर्थांनीं वापरला गेला. सतराव्या शतकांत तोफा बसविलेल्या हलक्या व चपळ जहाजास हें नांव सैलपणें देत असत. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर त्याला ठरीव अर्थ आला : तीन डोलकाठ्या, मुख्य तोफा एकाच मजल्यावर, आणि तोफांची संख्या साधारणतः २८ पासून ४० च्या घरांत. मुंबईच्या वाडियांनीं सागवानी लाकडाचें बांधून सन १८१७ मध्यें पाण्यांत लोटलेलें ‘त्रिंकोमाली’ हें याच जातीचें जहाज असून इंग्लंडांतील हार्टलपूल येथें तें आजही तरंगतें ठेवलेलें आहे. अशा दोन जहाजांची गांठ पडून जें युद्ध होई त्याला द्वंद्वयुद्ध म्हणणें यथार्थ होय. हिंदुस्थानच्या समुद्रांतील त्याचें उत्तम उदाहरण सन १८०८ चें आहे. कन्याकुमारीच्या बाजूस कंपनीच्या तीन व्यापारी जहाजांवर टपलेल्या ‘पिएमाँतेझ’ या फ्रेंच फ्रिगेटास ‘सान फिओरेंझो’ या इंग्रजी फ्रिगेटानें गांठलें. मार्च महिन्याच्या ६ पासून ८ तारखेपर्यंत मध्यें खंड पडत झुंज चालली. इंग्रज कप्तान हार्डिंज शेवटच्या दिवशीं पडला, पण बावटा उतरला तो फ्रेंच जहाजाचा. येथें दोन्ही जहाजें एका जातीचीं व कुशीच्या तोफांनीं लढणारीं, आणि दोहोंच्याही मदतीस दुसरें कोणी नाहीं. निकाल लावण्यास एकच प्रश्न पुरतो : बावटा कोणाचा उतरला? या मापानें मराठ्यांच्या लढाया मोजतां येतात काय, हें आतां पाहूं.

सन १७८३ च्या लढाईचीं मुख्य कलमें वादातीत आहेत. मुंबई सरकारच्या आरमारांतील ‘रेंजर’ हें बारा तोफांचें जहाज लेफ्टनंट प्रुएन याच्या हाताखालीं ५ एप्रिल रोजीं मुंबईहून दक्षिणेस निघालें. त्यावर जनरल मॅक्लाउड, कर्नल हंबर्स्टन व मेजर शॉ हे अंमलदार होते. ८ एप्रिल रोजीं, म्हणजे गणितानें शके १७०५ शोभकृत् संवत्सरीं चैत्र शुद्ध षष्ठी-सप्तमीच्या सुमारास, रत्नागिरीनजीक त्याची गांठ पेशव्यांच्या विजयदुर्गच्या आरमाराशीं पडली. सुभेदार आनंदराव धुळप हे त्याचे मुख्य. इंग्रजी वृत्तांताप्रमाणें या आरमारांत दोन मोठीं जहाजें, एक केच जातीचें लहान जहाज व आठ गलबतें होतीं. घनघोर लढाई होऊन रेंजर पाडाव झालें व विजयदुर्गास नेण्यांत आलें. शॉ ठार झाला. हंबर्स्टन जखमांनीं ३० एप्रिल रोजीं विजयदुर्ग येथेंच मरण पावला. मॅक्लाउड जखमी झाला, पण वांचला.

एवढ्या कलमांवर दोन निरनिराळ्या कथा उभ्या राहिल्या आहेत. पहिली इंग्रजांची. चार्लस रॅथबोन लो याचा हिंदी आरमाराचा दोन खंडांचा इतिहास सन १८७७ मध्यें प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ता स्वतः त्या आरमारांत नोकरी केलेला. मोडलेल्या आपल्या खात्याचें यश जगापुढें मांडावें हा त्याचा हेतु. श्रम मोठे, आणि कागदपत्रांचा संग्रहही विपुल. त्याबद्दल अभ्यासकानें त्याचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु अशा हेतूनें लिहिणारास एकाकी जहाजाचा प्रतिकार हा विषय प्रिय असावा यांत नवल नाहीं. या कथेंत रेंजर हा अभिमन्यु आणि धुळपांचें आरमार हें चक्रव्यूह. बारा तोफा एका बाजूस आणि अकरा जहाजें दुसऱ्या बाजूस, अशी बेरीज-वजाबाकी मांडली कीं हरणाराचा पराभवच त्याचें भूषण ठरतो.

दुसरी कथा आपल्याकडील. तींत गलबतांची संख्या मागें पडते, रेंजरला एकदम फ्रिगेटाचा दर्जा मिळतो, आणि इंग्रज सेनापतींसह बलाढ्य युद्धनौका एका झुंजींत हस्तगत केल्याचा जयघोष होतो. वस्तुतः रेंजर हें त्या काळच्या अर्थानें फ्रिगेट नव्हतेंच. तोफांच्या संख्येनें तें फ्रिगेटाच्या निम्म्यानेंही भरत नाहीं. शत्रूचें जहाज लेखणीनें मोठें केल्यानें आपला विजय मोठा होत नाहीं. पुढें कोणी तोफा मोजल्या म्हणजे तो नाहक लहान मात्र होतो. गंमत अशी कीं, परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही कथांचें गृहीत एकच आहे. खरें शौर्य तें एकास एक लढण्याचें, असें दोघेही मानतात. म्हणून एक पक्ष संख्येचा उच्चार मोठ्यानें करतो आणि दुसरा ती गिळून टाकतो.

हें गृहीतच आम्हांस मान्य नाहीं. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां अभिमन्युवधाचा प्रसंग आला कीं मुलें पहिला प्रश्न विचारीत : किती जणांनीं मिळून मारलें? तेथें हा प्रश्न सयुक्तिक आहे. कारण भीष्मपर्वाच्या आरंभींच उभय पक्षांनीं करार केला होता कीं रथ्यानें रथ्याशीं, गजारूढानें गजारूढाशीं, स्वारानें स्वाराशीं व पायदळानें पायदळाशीं लढावें. करार होता म्हणून त्याचा भंगही होता. आणि त्याच महाभारतांत द्वंद्वयुद्ध व संकुलयुद्ध हे दोन निराळे प्रकार आहेत. द्वंद्वांत वीराची परीक्षा होते; संकुलांत सैन्याची, म्हणजे रचनेची, परस्परसाह्याची व सरदाराच्या नजरेची. संकुलयुद्धाला द्वंद्वाचे नियम लावून दोष देणें किंवा त्यावर द्वंद्वाचा शेला घालून गौरव करणें, हे दोन्ही प्रकार सारखेच अशास्त्रीय होत.

मराठी आरमार संकुलयुद्धासाठींच बांधलेलें होतें, याची साक्ष खुद्द त्याच्या शत्रूनें दिली आहे. रॉबर्ट ऑर्म यानें अठराव्या शतकाच्या मध्यांतील आंग्र्यांच्या आरमाराचें जें वर्णन लिहून ठेविलें आहे तें संग्राहकांनीं लक्षपूर्वक वाचावें. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित् तीन, बूड उथळ, नाळ पुढें निघालेली, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. गलबत त्याहून लहान. त्यावर हलक्या फिरत्या तोफा, एक मोठें त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्हीं. वारा पडला कीं गलबतें गुराबांस ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. तेथून डोलकाठ्या व दोरखंड यांवर मारा चाले. जहाज लंगडें झालें म्हणजे गलबतांवरील माणसें तरवारी उपसून चोहोंकडून त्यावर चढत. यांत गुराबेवांचून गलबत पांगळें आणि गलबतांवांचून गुराब पांगळी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील आरमाराच्या प्रकरणांतही गुराबा आणि गलबतें मिळून सुभा करावा आणि सर्वांनीं एकमेकांस साह्य होऊन झुंजावें, हाच आशय आहे. अशा आरमाराला ‘तुम्ही पुष्कळ मिळून एकावर कां गेलांत?’ असें विचारणें म्हणजे हाताला ‘तूं पांच बोटांनीं कां धरलेंस?’ असें विचारण्यासारखें आहे.

उलट, ज्यांची सर्व भिस्त कुशीच्या तोफांवर, त्यांस एकट्या जहाजानें लढणें सोयीचें. आपली सोय हाच जगाचा धर्म, असें मानण्याची चूक इंग्रज लेखकांनीं केली; आणि आपली कला सोडून दुसऱ्याच्या धर्माप्रमाणें प्रशस्तिपत्र मिळविण्याची चूक आपले लेखक करीत आहेत. धुळपांच्या खलाशांनीं जें केलें त्यासाठीं अकरा जहाजांचे तांडेल एका विचारानें चालावे लागतात, वाऱ्याचा व भरती-ओहोटीचा नेमका अंदाज लागतो, आणि तोफांचा मारा चुकवीत उघड्या गलबतांतून शत्रूच्या कुशीशीं भिडावें लागतें. हें शौर्य एकट्या कप्तानाच्या शौर्याहून कमी प्रतीचें कां मानावें, याचें उत्तर कोणीं दिलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

आतां माप बदललें कीं निकाल कसा बदलतो हें पाहण्यासाठीं एक शतक आणि चार वर्षे मागें जाऊं. शिवछत्रपतींनीं सन १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबई बंदराच्या तोंडाशीं असलेलें खांदेरी बेट बांधावयास घेतलें. मायनाईक भंडारी माणसें व तोफा घेऊन बेटावर उतरला. इंग्रजांनीं वेढा घातला. इंग्रजी तारखेप्रमाणें १८ ऑक्टोबर रोजीं पहांटे दौलतखानानें आपलें आरमार लोटलें. ही तारीख जुन्या इंग्रजी पंचांगाची आहे. इंग्रजांनीं सन १७५२ पर्यंत नवें पंचांग स्वीकारलें नव्हतें. दहा दिवस मिळवून ती २८ ऑक्टोबर होते, म्हणजे शके १६०१ चा आश्विन वद्य पक्ष येतो. दिवाळीच्या अगोदरच्या आठवड्यांतील ही पहांट होय. तिथीचा मेळ घालतांना हे दहा दिवस विसरल्यामुळें शुक्ल-कृष्ण पक्षांची अदलाबदल होते, एवढें येथें सुचवून ठेवतों.

त्या दिवशीं ‘डव्ह’ या इंग्रजी गुराबेनें बावटा उतरविला; तींवरील कैदी पुढें सागरगडावर ठेवण्यांत आले. बाकीचीं लहान इंग्रजी जहाजें दूर राहिलीं. ‘रिव्हेंज’ हें फ्रिगेट मात्र किग्विन व मिंचिन यांच्या हाताखालीं एकटें उभें राहिलें, आणि त्याच्या तोफांपुढें दौलतखानाचीं गलबतें नागोठण्याच्या खाडीकडे परतलीं. इंग्रजांच्या सांगण्याप्रमाणें पांच गलबतें बुडालीं. बावट्याच्या मापानें पाहिलें तर रिव्हेंजचा विजय निर्विवाद आहे, आणि आपल्या लेखकांनीं तो आडपडदा न ठेवतां सांगावा. झाकण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं.

पण लढाई कशासाठीं होती? बेटासाठीं. त्या विजयानंतरही वल्ह्यांच्या लहान होड्या रात्रींतून बेटावर रसद पोंचवीत राहिल्या. मोठ्या शिडांच्या जहाजांस त्या सांपडेनात, अशी तक्रार खुद्द इंग्रजांच्याच पत्रांत आहे. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें सन १९३१ मध्यें काढलेल्या इंग्रजी कागदपत्रांच्या संग्रहांत ही सर्व घालमेल वाचावयास मिळते. शेवटीं सन १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तह करून आपलीं जहाजें काढून घेतलीं, आणि खांदेरी महाराजांकडेच राहिली. सिद्दीनें जानेवारींत शेजारची उंदेरी बळकावली, एवढाच काय तो मराठ्यांस बसलेला प्रतिटोला. एकट्या जहाजानें दिवस जिंकला आणि होड्यांनीं बेट जिंकलें. द्वंद्वयुद्धाच्या कथेंत यांपैकीं पूर्वार्धच मावतो.

हीच कसोटी रेंजरच्या प्रकरणास लावावी, म्हणजे तेथें आपल्याला अप्रिय असें सत्यही दिसूं लागतें. रेंजर लढण्यासाठीं निघालें नव्हतें. तें माणसें पोंचविण्यासाठीं निघालें होतें. जनरल मॅथ्यूज यानें बेदनूर घेतल्यावर त्याच्या सैन्यांत बेबनाव झाला. मॅक्लाउड, हंबर्स्टन व शॉ हे तिघे त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें घेऊन मुंबईस आले. मुंबई सरकारनें मॅथ्यूजला दूर करून मॅक्लाउड याला सेनापति नेमलें. तो नवा सेनापति रेंजरवर होता. टिपू सुलतान त्याच सुमारास बेदनुरास वेढा देत होता, आणि एप्रिल संपतां संपतां मॅथ्यूजनें तें स्थळ त्याच्या हवालीं केलें. मॅक्लाउड वेळीं पोंचता तर बेदनूर वांचतें, असें आम्ही म्हणत नाहीं. इतिहासांत ‘जर’ला साक्षीदार नसतो. परंतु धुळपांच्या विजयाचा जो कांहीं राजकीय परिणाम झाला असेल तो टिपूच्या पथ्यावर पडला, हें उघड आहे. आणि पुण्याच्या दरबारानें तर सालबाईच्या तहांत हैदराकडून इंग्रजांचा घेतलेला मुलूख सोडविण्याचें आपल्या शिरावर घेतलें होतें! समुद्रावरील शौर्य आणि दरबारचें राजकारण यांची तोंडें त्या दिवशीं परस्परविरुद्ध दिशांस होतीं. जयघोष करणारांनीं ही गोष्ट टाळूं नये.

तहाचा उल्लेख आला म्हणून दुसऱ्या एका आक्षेपाचाही विचार केला पाहिजे. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजीं झाला. नाना फडणिसांनीं मान्यता रोखून धरली होती, ती हैदर ७ डिसेंबर रोजीं वारल्यानंतर दिली. म्हणजे एप्रिल १७८३ मध्यें उभय पक्षांत मैत्री होती. त्यावरून या लढाईस विश्वासघात म्हणण्याचा प्रघात पडला. येथें आमचें म्हणणें असें कीं, विश्वासघात हा आरोप मेलेल्यांच्या संख्येनें सिद्ध होत नाहीं, तसा तो जिंकणाऱ्यांच्या पराक्रमानें धुतलाही जात नाहीं. सिद्ध करावयाचें तें कागदांनीं : दरबाराची ताकीद विजयदुर्गास कोणत्या तिथीस पोंचली, इंग्रजी जहाजांस किनाऱ्यानें जाण्याचे कोणते दस्तक लागत, आणि समुद्रावर गांठ पडतांच प्रथम बावटा व कौल यांची भाषा झाली कीं तोफांची. न्यायाधीशानें जी शिस्त पाळावी तीच संशोधकानें पाळावी. तह मात्र या लढाईनें मोडला नाहीं. मॅक्लाउड पुढें मलबारांत सैन्य चालवूं लागला, आणि पुणें व मुंबई यांच्यामधील शांतता जवळजवळ वीस वर्षे टिकली. यावरून दोन्ही दरबारांनीं त्या प्रसंगाचें वजन किती मानलें, हें समजून येतें.

आतां संग्राहकांस दोन शब्द. समुद्र कोंकणांत असला तरी त्याचे कागद घाटावर आले. पेशवे दप्तर पुण्यास आहे, आणि सरदार, कारकून व सावकार यांच्या घराण्यांबरोबर किती रुमाल कोठें गेले याची गणति नाहीं. शिवना नदीच्या कांठीं, लासुरासारख्या ठिकाणीं, जेथें नदी पावसाळ्यापुरतीच भरते, तेथें राहणारानें आरमाराची चौकशी कां करावी, असें आम्हांस कोणी कोणी विचारतात. आमचें उत्तर हेंच. मोडी रुमाल उघडल्यावर लढाईचें पत्र निघालें तर तें आपण चौकटींत बसवितों. परंतु काथ्या, राळ, शिडाचें कापड, सागवानी फळ्या, दारूगोळा, खलाशांची हजिरी व जखमींस दिलेली बक्षिसी यांच्या याद्या निघाल्या तर त्या नीरस म्हणून बाजूस टाकतों. वास्तविक लढाईचें पत्र लिहिणारा आपली बाजू मांडीत असतो. काथ्याचा हिशोब लिहिणाऱ्या कारकुनाला कोणाचीच बाजू मांडावयाची नसते. लढाईनंतर कोणत्या गलबताची डोलकाठी बदलली, कोणत्या गुराबेस किती गोळे पुन्हां भरून दिले, कोणाच्या विधवेस किती रुपये पोंचले, या नोंदींतून त्या दिवशींचा व्यूह जसा उभा राहील तसा तो कोणत्याही प्रशस्तींतून राहणार नाहीं. द्वंद्वाच्या कथेंत एक कप्तान असतो आणि बाकी सर्व अनामिक. संकुलयुद्धाच्या हिशोबांत मात्र खलाशी, तांडेल, गोलंदाज, सर्वांचीं नांवें ओळीनें लिहिलेलीं असतात.

सारांश, ‘फ्रिगेटांचें द्वंद्वयुद्ध’ हा शब्द या दोन लढायांपुरता तरी आपल्या लेखनांतून काढून टाकावा, अशी आमची सूचना आहे. त्याच्या जागीं जहाजांचीं नांवें तत्कालीन कागदांत असतील तींच ठेवावीं : गुराब तर गुराब, गलबत तर गलबत. संख्या आपल्या बाजूस जास्त असेल तर ती आधीं आपणच सांगावी. आणि लढाई कोणत्या कामासाठीं झाली व तें काम तडीस गेलें कीं नाहीं, हें लिहिल्याखेरीज विजय-पराजयाचा शेरा मारूं नये. असें केल्यानें खांदेरीला दौलतखानाची एक हार कबूल करावी लागेल आणि रत्नागिरीला धुळपांच्या जयापुढें एक प्रश्नचिन्ह घालावें लागेल. त्यानें आरमाराची योग्यता रतिभरही कमी होत नाहीं. किल्ल्यांच्या दारांवर नवे फलक लागण्याचे हे दिवस आहेत. दगडावर कोरलेली चूक पुसणें कागदावरील चूक पुसण्याहून पुष्कळ कठीण असतें.

लासूर स्टेशन